पलीकडच्या काठाचा धर्म

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या राजराजेश्वराला पूर्णा नदीच्या पाण्याचा अभिषेक होतो. गांधीग्रामच्या काठावर भरलेल्या कावडी खांद्यावर घेऊन हजारो शिवभक्त रात्रभर अनवाणी चालत शहरात येतात. पौषातल्या रविवारी अमरावती जिल्ह्यात ऋणमोचनला याच नदीवर यात्रा भरते. पाण्याला एवढा मान देणाऱ्या वऱ्हाडाने एक प्रश्न मात्र फारसा मनावर घेतलेला नाही : ज्या काठावर उभे राहून आपण हे पाणी भरतो, त्या काठाचे आपण कोण लागतो? काठ ढासळू लागला की तो वाचवावा, हे सगळ्यांनाच पटते. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. आपला काठ वाचवताना नदीचा मारा दुसऱ्याच्या काठावर ढकलला, तर त्या कामाला बांधकाम म्हणता येईल. धर्म म्हणता येणार नाही.

काठ पडतो कसा, हे आधी नीट पाहिले पाहिजे. अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या खारपाण पट्ट्यात काळी चिकणमाती खोलवर साचलेली आहे आणि तिच्यात सोडियमचे क्षार आहेत. अशी माती पाण्यात धीर धरत नाही, कण सुटे होऊन वाहू लागते. उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात. पहिल्या जोराच्या पावसाचे पाणी त्या भेगांत उतरते, जमिनीखालून नदीकडे वाट शोधते आणि आतल्या आत भुयार कोरते. वर पीक उभे असते, धुरा जागेवर असतो, आणि एके दिवशी छत बसून तिथे घळ पडते. नदीकाठी आणखी एक गोष्ट घडते. पुरात काठ पाणी पिऊन जड होतो. पूर झपाट्याने ओसरला की बाहेरून मिळणारा पाण्याचा आधार जातो, आतले पाणी मात्र बाहेर रेटत राहते. म्हणून कितीतरी दरडी पूर उतरताना कोसळतात. पात्रातली वाळू बेसुमार उपसली की तळ खोल जातो, काठाचा पायथा उघडा पडतो आणि हे सारे लवकर घडते.

यावर कोणी म्हणेल की नदी वळणे बदलणारच. पूर्णेच्या खोऱ्यातली सुपीक जमीन तरी बरीचशी सातपुड्याची माती वाहून आल्यानेच झाली ना? हे खरे आहे. धूप मुळात पाप नाही, तो सृष्टीचा व्यवहार आहे. पण वाळूचा उपसा, उताराची उघडी जमीन, काठाच्या टोकापर्यंत फिरवलेला नांगर, यांत माणसाचा हात आहे. जिथे आपला हात आहे तिथे दैवाकडे बोट दाखवणे ही श्रद्धा नव्हे. केलेल्या कर्माचे फळ भोगावे लागते, असे मानणाऱ्याने आपल्या कर्माचे फळ खालच्या गावाने भोगले तर त्याचा हिशेब कुठे मांडायचा, हेही सांगितले पाहिजे.

खरी कसोटी उपायांत लागते. वळणावरच्या एका काठाला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, केले म्हणून प्रवाहाचा जोर संपत नाही. तो समोरच्या काठावर किंवा पिचिंग संपते त्यापुढच्या मातीवर जातो. समुद्रकिनाऱ्यावरही हेच घडते. लाटा किनारा राखायला बांधलेल्या भिंतीवर आदळून परततात तेव्हा पायथ्याची वाळू ओढून नेतात आणि भिंतीच्या टोकापुढची वस्ती कापू लागतात. समुद्रात आडवा बांध घातला की किनाऱ्यालगत सरकणारी वाळू एका बाजूला साचते आणि दुसरी बाजू उपाशी राहते. नदीकाठ आणि समुद्रकाठ यांचा संबंधही दूरचा नाही. पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते, तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. वाटेत हतनूर धरण आहे, १९७२ साली पूर्ण झालेले उकाई धरण आहे. नदीने आणलेली वाळू आणि गाळ बराचसा या जलाशयांत अडतो. म्हणजे वरच्या शेतकऱ्याची माती जाते आणि खालच्या किनाऱ्याला तिची भरपाईही मिळत नाही. म्हणून वऱ्हाडात समुद्र नसला, तरी किनाऱ्याचा प्रश्न वऱ्हाडाला परका नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप ज्याचे वावर नदीत चालले आहे त्याचा आहे. दोन एकर जमिनीतली अर्धी गेल्यावर त्याला समोरच्या काठाची नीती सांगणे निर्दयपणाचे ठरेल. हे मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. घरे, शाळा, देऊळ, पूल धोक्यात असतील तिथे दगड घालावाच लागेल. मात्र मारा कुठे वळेल हे आधी पाहून, दोन्ही काठांच्या गावांना बसवून, सार्वजनिक खर्चाने. बाकी ठिकाणी नदीला थोडी जागा सोडावी : काठावर नांगराविना गवताचा, वाळ्याचा, बांबूचा पट्टा, आणि त्या पट्ट्याचा मोबदला शेतकऱ्याला. वर उताराला समतल चर आणि शाबूत धुरे असले तर पाणी सावकाश उतरेल. खारपाणात शेताबाहेर जाणाऱ्या पाण्याला गवताची पक्की वाट दिली तर घळी वाढणार नाहीत. आणि वाळूचा उपसा नदी भरून काढील तेवढाच हवा. यातले बरेचसे काम पडत्या काठापासून दूर राहणाऱ्यांनी करायचे आहे. गीता ज्याला लोकसंग्रह, म्हणजे सर्वांच्या हितासाठी केलेले कर्म, म्हणते, त्याची खरी परीक्षा इथेच आहे, कारण फायदा ज्याला होणार तो करणाऱ्याच्या ओळखीचाही नसतो.

गाडगेबाबांनी ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला. घाट म्हणजेही काठ दगडाने बांधणेच, असे म्हणता येईल. पण तो थोड्या जागेत होता आणि येणाऱ्या प्रत्येकाचा पाय चिखलात घसरू नये म्हणून होता. एकाची जमीन राखून दुसऱ्याची घालवण्यासाठी नव्हता. दगड घालावा की नाही, यापेक्षा तो कोणासाठी आणि कोणाला विचारून घातला, हे महत्त्वाचे आहे. कावड घेऊन येणाऱ्या मंडळांनी, यात्रेच्या समित्यांनी आणि ग्रामसभांनी पिचिंगच्या आणि वाळूच्या प्रत्येक ठरावावर हाच प्रश्न जाहीर विचारावा, आणि पलीकडच्या गावाची सही आल्याशिवाय ठराव पुढे नेऊ नये. नदीची पूजा करणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा रास्तच आहे.