माय सेटरलिंग: वादाआड राहिलेली रचना

स्वीडिश दिग्दर्शक आणि कादंबरीकार माय सेटरलिंग (1925–1994) यांचे नाव चित्रपटाच्या इतिहासात बहुधा वादाच्या निमित्ताने घेतले जाते. 1966 च्या व्हेनिस महोत्सवात त्यांचा ‘नातलेक’, म्हणजे ‘रात्रीचे खेळ’, हा चित्रपट परीक्षक आणि पत्रकार यांच्यापुरताच दाखवण्यात आला; त्याच वर्षी सान फ्रान्सिस्को महोत्सवाने तो निवडला, तेव्हा एकेकाळची बालतारका शर्ली टेंपल हिने निषेध म्हणून महोत्सवातील आपले पद सोडले. या गदारोळाने चित्रपटाला प्रसिद्धी मिळाली, पण त्याच्या रचनेची चर्चा मागे पडली, आणि ते नुकसान मोठे होते.

आल्फ शेबेरी यांच्या ‘हेट्स’ (1944) मुळे सेटरलिंग अभिनेत्री म्हणून नावारूपाला आल्या, पुढे त्यांनी ब्रिटनमध्ये कामे केली. स्वीडनमध्ये 1963 साली तिकिटांवरील कराचा पैसा दर्जेदार चित्रपटांकडे वळवणारी नवी व्यवस्था आली आणि देशातील चित्रपटसृष्टी नव्या दिग्दर्शकांसाठी खुली झाली, त्याच सुमारास त्या दिग्दर्शनात उतरल्या. ‘एल्स्कांदे पार’ (1964) हा त्यांचा पहिला कथापट आग्नेस फोन क्रूसेनशेर्ना यांच्या सात खंडांच्या कादंबरीमालेवर आधारित आहे. प्रसूतिगृहात आलेल्या तीन स्त्रियांच्या आठवणी त्यात अशा गुंफल्या आहेत की चालू क्षण आणि पूर्वायुष्य यांच्यातील सीमा पुसट होत जाते.

हीच पद्धत ‘नातलेक’मध्ये टोकाला जाते. यान हा प्रौढ पुरुष वाग्दत्त वधूला घेऊन बालपणीच्या वाड्यात परततो; तो एका दालनातून दुसऱ्यात पाऊल टाकतो आणि तेथे त्याची विलासी, बेपर्वा आई आणि तिच्याकडे आसुसून पाहणारा लहानगा यान वावरताना दिसतात. प्रचलित पूर्वदृश्यात, म्हणजे गतकाळ दाखवणाऱ्या प्रसंगात, काळ बदलल्याची खूण आधी दिलेली असते; सेटरलिंग ती सहसा देत नाहीत, कारण यानसाठी गतकाळ सरलेलाच नाही. त्याच नावाची त्यांची कादंबरीही 1966 मध्येच आली, म्हणून हा चित्रपट केवळ धक्का देण्यासाठी रचला होता असे म्हणणे अवघड आहे: लेखिकेला हा विषय दोन माध्यमांतून तपासायचा होता. स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनच्या कलावंतांना घेऊन बर्गमनचे अनुकरण केले, हा आक्षेपही फारसा टिकत नाही, कारण बर्गमनला छळणाऱ्या ईश्वराच्या मौनाशी सेटरलिंग यांचे देणेघेणे नव्हते. त्यांचा रोख कुटुंबसंस्थेवर होता.

‘फ्लिकोर्ना’ (1968) मध्ये तीन अभिनेत्री अॅरिस्टोफेनिसचे ‘लिसिस्ट्राटा’ घेऊन दौऱ्यावर निघतात. युद्ध थांबावे म्हणून स्त्रिया पतींना शय्यासुख नाकारतात, असे हे प्राचीन ग्रीक प्रहसन. चित्रपटातील स्वप्नदृश्ये काही ठिकाणी घोषणाबाज होतात, हे मान्य करावे लागते. परंतु प्रयोगानंतर बिबी अँडरसनने साकारलेली नायिका प्रेक्षकांना चर्चेचे आवाहन करते आणि सभागृह गप्प बसून राहते, हा प्रसंग आजही बोचतो. चित्रपटाचे स्वागत जवळजवळ तसेच झाले: तो चालला नाही, समीक्षकांनी झोडपला, आणि स्वीडनमध्ये पुढचा कथापट करायला सेटरलिंग यांना अनेक वर्षे थांबावे लागले. त्याची किंमत सत्तरच्या दशकातील स्त्रीवादी प्रेक्षकांनी ओळखली.

‘आमोरोसा’ (1986) मध्ये त्या क्रूसेनशेर्ना यांच्याकडेच वळल्या, मात्र या वेळी कादंबरीऐवजी लेखिकेचे उद्ध्वस्त आयुष्यच पडद्यावर आणले. हा त्यांनी दिग्दर्शित केलेला शेवटचा कथापट ठरला. नंतर ‘द विचेस’ (1990) मध्ये आजीच्या भूमिकेत दिसलेल्या या स्त्रीने कधी दिग्दर्शन केले होते, हे जगभरच्या बालप्रेक्षकांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.