उड्डाणाचा हिशेब

लढाऊ विमानांच्या खरेदीची बातमी आली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: एक विमान कितीला पडलं? राफेलच्या वेळी सगळा देश याच आकड्यावरून भांडला. मला हा प्रश्न अपुरा वाटतो. खरेदीचा आकडा करारात सापडतो. विमान पैशाला जागतं की नाही, हे मात्र युद्धाच्या दहाव्या दिवशी ते किती वेळा उडतं यावर ठरतं. हे आधी ओळखून ज्यांनी मग विमान आखलं, ते स्वीडिश लोक. त्यांच्या साब कंपनीचं ग्रिपेन म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं.

जून 1967 मध्ये इस्रायलने युद्धाच्या पहिल्याच सकाळी इजिप्तच्या हवाई दलाचा मोठा भाग जमिनीवरच नष्ट केला. स्वीडनने हा धडा फार मनावर घेतला. महामार्गांवरून विमानं उडवण्याची तयारी तिथे होतीच. पुढे तळ आणखी विखुरले गेले. 800 मीटर लांब आणि 17 मीटर रुंद रस्त्यावरूनही काम भागलं पाहिजे, या हिशेबाने ग्रिपेन घडलं. उतरल्यावर त्याचे पुढचे छोटे पंख जवळजवळ उभे होतात आणि हवेचा ब्रेक लागतो. मग ते झाडीच्या कडेला थांबतं. तिथे ट्रक उभा असतो. एक प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि सक्तीच्या लष्करी सेवेत आलेली पाच पोरं कामाला लागतात. कुणी इंधनाची नळी जोडतं, कुणी पंखाखाली क्षेपणास्त्र चढवतं. तपासणीची झाकणं जमिनीवर उभ्या माणसाच्या हाताला येतील अशीच ठेवलेली आहेत, त्यामुळे शिडी शोधावी लागत नाही. हवाई लढतीसाठी दहा मिनिटांत विमान पुन्हा तयार, असं हे गणित आहे. काही महिन्यांच्या शिक्षणावर विशीच्या आतबाहेरचा मुलगा जे काम करू शकेल, तेवढंच काम विमानाने मागायचं, ही शिस्त आराखड्यात मुरवायला इंजिनिअरांना किती झगडावं लागलं असेल!

बहुउद्देशीयपणाही त्यांनी काटकसरीतूनच गाठला. आधीच्या विगेन विमानाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या: जमिनीवरच्या हल्ल्यासाठी एक, हवाई लढतीसाठी दुसरी, टेहळणीसाठी आणखी दोन. ग्रिपेनमध्ये ही सगळी कामं एकाच विमानाकडे आली. लहान देशाला चार ताफे, चार प्रकारचे सुटे भाग आणि चार प्रकारचं प्रशिक्षण परवडत नाही. याचं मोलही मोजावं लागतं. ग्रिपेन सी भरून जास्तीत जास्त 14 टनांचं, तर आपलं सुखोई-30 एमकेआय 38 टनांच्या पुढे. सुखोई जेवढं लांब जाईल आणि जेवढा दारूगोळा नेईल, तेवढं ग्रिपेनला जमणार नाही. आपल्या किनाऱ्याचं आणि आकाशाचं रक्षण करणाऱ्या स्वीडनला ते खपतं. हिंदी महासागरावर लांबवर गस्त घालणाऱ्या देशाला खपेलच असं नाही.

आता पैशाकडे. 2012 मध्ये जेन्स या संस्थेने तासाभराच्या उड्डाणाचा खर्च मांडला: ग्रिपेन 4,700 डॉलर, राफेल 16,500, एफ-35ए 21,000. हे आकडे आजही जिथे तिथे फिरतात. पण तो अभ्यास साबनेच करवून घेतला होता आणि ताशी खर्चात काय धरायचं, काय वगळायचं, हे देशागणिक बदलतं. दिशा पटते, आकडा डोळे मिटून घेऊ नये. शिवाय खरेदीच्या किमतीत ग्रिपेन तितकं स्वस्त राहिलेलं नाही. ब्राझीलने 36 ग्रिपेनसाठी सुमारे 39.3 अब्ज क्रोनरचा करार केला. त्यात तंत्रज्ञानाचं हस्तांतरणही आलं. एफ-35 शेकड्यांनी तयार होतं, म्हणून त्याची किंमत खाली येते. थोड्या संख्येत बनणाऱ्या विमानाला तो फायदा मिळत नाही. डिसेंबर 2021 मध्ये फिनलंडने शेजाऱ्याचं ग्रिपेन बाजूला ठेवून 64 एफ-35 निवडली. महामार्गांवरून विमानं उडवण्यात फिनलंड स्वीडनइतकाच मुरलेला आहे, त्यामुळे हा नकार मी गांभीर्याने घेतो. ग्रिपेनचा किफायतशीरपणा बराचसा त्याच्याभोवतीच्या स्वीडिश व्यवस्थेत आहे, आणि ती व्यवस्था करारासोबत जहाजात भरून येत नाही.

भारताच्या 126 विमानांच्या स्पर्धेतून ग्रिपेन 2011 मध्येच बाहेर पडलं. तरी हा हिशेब आपल्याला चुकत नाही. नाशिकजवळच्या ओझरला जुळवणी झालेल्या सुखोईंचंच घ्या. ताफ्यातली निम्मीही विमानं एका वेळी उड्डाणाला तयार नसत, हे तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी 2015 मध्ये उघडपणे सांगितलं आणि ते प्रमाण वाढवण्यावर भर दिला. दोनशे विमानांतली शंभर जमिनीवर असतील, तर उडणारं प्रत्येक विमान आपल्याला दुप्पट किमतीला पडलेलं असतं. नवं विमान घेण्याइतकीच सुट्या भागांची वेळेवर खरेदी ही संरक्षणसिद्धता आहे, पण तिची बातमी होत नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच ओझरला तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-1एने पहिलं उड्डाण केलं. हलकं, एका इंजिनाचं, अनेक कामांचं हे विमान ग्रिपेनच्याच वर्गातलं. दोघांची इंजिनंही अमेरिकन एफ-404च्याच घराण्यातली. 2021 मध्ये मागवलेल्या 83 तेजसांसाठीचं पहिलं इंजिन मार्च 2025 मध्ये आलं, तोवर वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता. आग्रा-लखनौ द्रुतगती मार्गावर आपली विमानं उतरली, त्याचं मला कौतुक आहे. पण त्या रस्त्याकडेला इंधनाचा ट्रक, क्षेपणास्त्रं आणि पाच-सहा तयार माणसं किती वेळात पोहोचतील, आणि ओझरहून निघालेलं तेजस दहा वर्षांनी महिन्यातले किती दिवस उड्डाणाला तयार असेल, हे प्रश्न संसदेत दर अधिवेशनात विचारले गेले पाहिजेत.