न दुखणारे बोट

शास्त्रभाग : १ करिंथ १२:१२-२७, मार्क १:४०-४५



प्रेषित पौलाने मंडळीला शरीराची उपमा दिली, तेव्हा हात, पाय, डोळा, कान हेच अवयव त्याच्यासमोर होते. सूक्ष्मदर्शक यंत्रातून दिसणारे शरीर मनुष्याला फार उशिरा कळले. १८३९ साली थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांचे शरीरही पेशींचेच बनलेले असते असे मांडले. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असाव्यात असा आजचा अंदाज आहे. प्रत्येक पेशीला पातळ आवरण असते आणि नेमून दिलेले काम असते. त्यांतली एकही स्वतःपुरती जगत नाही. पौलाने अवयवांविषयी जे सांगितले तेच येथेही खरे ठरते.

अशा पेशीत रोग शिरला म्हणजे काय होते? पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांना नावाने परिचित असलेला एक रोग घेऊ : कुष्ठरोग. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लेवीय १३ व १४ या अध्यायांत या नावाखाली कातडीचे अनेक विकार येतात. वस्त्रावरचा व घराच्या भिंतीवरचा चट्टाही येतो. आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो त्याचा जंतू नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. तेव्हा रोग्याकडे बोट दाखवून त्याचे किंवा त्याच्या आईबापांचे पाप शोधू नये.

हा जंतू फार सावकाश वाढतो. काही जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात. याला सुमारे १२ ते १४ दिवस लागतात. म्हणून रोग अंगावर दिसायला कित्येक वर्षे जातात. कातडी आणि हातापायांचे मज्जातंतू असे शरीराचे थंड भाग त्याला मानवतात. मज्जातंतूभोवती काही पेशी वेष्टनासारख्या गुंडाळलेल्या असतात. त्या त्याचे पोषण व रक्षण करतात. त्यांना श्वान यांचेच नाव दिलेले आहे. जंतू नेमका या राखणदार पेशींत घर करतो. त्याला हुसकावण्यासाठी शरीर झगडते, त्या झगड्यात सूज येऊन मज्जातंतू आणखी दुखावतो. शेवटी बोटाचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचेनासा होतो.

या रोगाने बोटे सडून गळतात अशी जुनी समजूत आहे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ साली रुजू झालेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी रुग्णांचे हात बारकाईने तपासले, तेव्हा निराळेच आढळले. बोटे आपोआप गळत नव्हती. चटका कळत नाही म्हणून तापलेले पातेले हाताने उचलले जाते. चपलेतला खिळा दिवसभर रुतत राहतो. जखम चिघळते, हाड झिजते, आणि बोट आखूड होत जाते. वेदना हरपली म्हणून बोट गेले.

आता पौलाचे २६ वे वचन पुन्हा वाचा. एक अवयव सोसत असेल तर बाकीच्यांनी त्याच्याबरोबर सोसावे, असे तो शिकवतो. शेजाऱ्याचे दुःख आपल्याला कळत नसेल, तर बधिर कोण झाले? ज्याला रोग झाला तो, की आपली मंडळी?

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एकत्रित औषधोपचार सुचवला. ६ ते १२ महिन्यांत रोग बरा होतो. सरकारी दवाखान्यांत औषध मोफत मिळते. २००५ साली सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या रोगाचे निर्मूलन झाल्याचे आपल्या देशाने जाहीर केले. तरीही वर्षाला सुमारे १ लाख नवे रुग्ण सापडतात. २०१९ साली संसदेने विवाहविषयक कायद्यांतून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण काढून टाकले. ख्रिस्ती लोकांना लागू असलेला १८६९ चा कायदाही त्यांत आला. कायदा पालटला. आपली मने पालटली काय?

मार्काच्या शुभवर्तमानातील प्रसंग पाहा. प्रभूने हात पुढे करून त्या मनुष्याला स्पर्श केला आणि मग तो शुद्ध झाला. शताधिपतीच्या चाकराला प्रभूने दुरूनच बरे केले होते. येथेही ते शक्य होते. पण त्या मनुष्याला कित्येक दिवसांत कोणी शिवले नसेल. त्याच प्रभूच्या नावाने निजामाबादजवळ डिचपल्ली येथे मेथडिस्ट मिशनच्या डॉ. इझाबेल कर यांनी १९१५ साली कुष्ठरुग्णांसाठी इस्पितळ उघडले. अशा कामाला वर्गणी पाठवणे आपल्याला जमते. उपचार घेऊन परतलेल्या बंधूसाठी बाकावर सरकून जागा करणे, त्याच्या हातात हात देणे, प्रभुभोजनाच्या मेजाजवळ त्याच्या शेजारी उभे राहणे मात्र जड जाते.

म्हणून एवढे तरी करू या. कोणाच्या अंगावर फिकट वा लालसर चट्टा असेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर लाज न धरता त्याला आरोग्य केंद्रात घेऊन जाऊ. ज्याने उपासनेस येणे सोडले, त्याच्या घरी जाऊन त्याच्या हातचा चहा घेऊ. आणि प्रार्थना करू की, हे प्रभो, आमच्या भावाचे दुखणे आम्हांलाही दुखू दे. आमेन.