दोनशे रुपयांची भागीदारी

माझ्या सॅलरी स्लिपवर दर महिन्याला एक ओळ असते: प्रोफेशनल टॅक्स, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २५००. नोकरीला लागून सहा वर्षं झाली, पण ही ओळ मी कधी नीट वाचली नव्हती. टीडीएस बघून चडफडायचो; दोनशे रुपयांकडे कोण बघतो? त्या ओळीकडे लक्ष गेलं ते एका मुलामुळे.

२०२४ साली राज्य सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला आठ, पदवीधराला दहा. पैसे सरकार थेट मुलांच्या खात्यात टाकणार आणि काम आस्थापनांनी शिकवायचं. मुदत सुरुवातीला सहा महिन्यांची होती. आमच्या ऑफिसात या योजनेतून परभणीकडचा एक बी.एस्सी. झालेला मुलगा आला. त्याच्याकडे बघायची जबाबदारी माझी.

पहिल्या दिवशी तो मला 'सर' म्हणाला, आठवड्याभरात 'दादा' म्हणायला लागला. मी त्याला एसक्यूएल शिकवणार होतो. खरंच शिकवणार होतो. पण आधी रिलीज होती, मग क्लायंटची बोंबाबोंब, मग पुढची रिलीज. तोवर त्यानं जुनी बिलं स्कॅन केली, फायलींची नावं बदलली, एक्सेलचे रकाने भरले. सहा महिन्यांत मी त्याच्याजवळ शिकवायला म्हणून बसलो ते फक्त दोन शनिवार.

मुदत संपली तेव्हा एचआरनं एक फॉर्म पाठवला. मुलगा काय काय शिकला, त्यावर टिक करायची होती. "चांगलंच भर, पोराचं भलं होईल," एचआरवाला म्हणाला. मी 'डेटाबेस'समोर टिक केली. प्रमाणपत्र हातात घेऊन मुलानं विचारलं, "दादा, ह्याच्यावर लागंल ना कुठंतरी?"

"लागेल की," मी म्हणालो.

हे खोटं आहे हे मला बोलतानाच कळत होतं. नंतर बरेच दिवस मी हिशोब मांडत राहिलो. सरकारच्या आकड्यात एक मुलगा वाढला. कंपनीला सहा महिने फुकट दोन हात मिळाले. माझी किरकोळ कामं उरकली. मुलाला साठ हजार मिळाले, त्यातून त्यानं बहिणीची फी भरली. ही गोष्ट लहान नाही. पण पुढे नोकरी लागली नाही तर? तो धोका पहिल्या दिवसापासून त्याच्या एकट्याच्या डोक्यावर होता. त्यात आमचा कोणाचाच वाटा नव्हता.

२०२४च्याच केंद्रीय बजेटमध्ये जाहीर झालेली इंटर्नशिप योजना बघा. पाच वर्षांत एक कोटी तरुण, देशातल्या ५०० मोठ्या कंपन्या, महिना ५००० रुपये. त्यातले ४५०० सरकारचे आणि ५०० कंपनीच्या सीएसआर फंडातले. अशा योजनांना आपण सरकार आणि उद्योगांची भागीदारी म्हणतो. पण माझ्या कामात एक सवय लागलेली असते: सिस्टीम चालते तेव्हा ती कशी दिसते हे बघायचं नाही, ती पडते तेव्हा कोण सोसतं हे बघायचं. भागीदारीलाही तोच प्रश्न विचारायला हवा.

याच दिवसांत टॅक्सची कागदपत्रं भरताना ती दोनशे रुपयांची ओळ पुन्हा समोर आली आणि मी सहज शोधलं की हा कर आला कुठून.

१९७२च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची. तिथं मिळणाऱ्या सुकडीची चव ती शेवटपर्यंत सांगायची. वि. स. पागे यांनी आधीपासून मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्याच काळात राज्यभर पोचली. १९७५ साली नोकरी-धंदा करणाऱ्यांवर व्यवसाय कर बसवला, तो या योजनेसाठी पैसा उभा करायला. १९७७ साली कायदा झाला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत दिलं नाही तर बेकारी भत्ता. २००५चा देशभराचा कायदा याच वाटेनं आला.

म्हणजे शहरातल्या पगारदारानं गावातल्या बेकाराच्या हमीचा खर्च उचलायचा, असं या राज्यानं एकदा ठरवलं होतं. आज माझ्या स्लिपवर त्याची एक ओळ उरली आहे.

त्या योजनेचं मला उगाच कौतुक करायचं नाही. काम हाडं मोडणारं होतं, मजुरी तुटपुंजी होती, आणि बी.एस्सी. झालेल्या मुलाला खडी फोडायला लावणं हे काही आजचं उत्तर नव्हे. पण त्या कायद्यात एक गोष्ट मान्य केलेली होती: काम नसणं हा काम मागणाऱ्याचा दोष नाही. वचन मोडलं तर भरपाई वचन देणाऱ्यानं करायची. आजची भाषा वेगळी आहे. तुझ्यात स्किल कमी आहे, कोर्स कर. तरी नाही लागली? दुसरा कोर्स कर.

स्किलचा प्रश्न खोटा आहे असं नाही. मी इंटरव्ह्यू घेतो, मला माहीत आहे. पण मी ज्या कॉलेजातून निघालो तिथं आमच्या वर्षी कंपन्यांची रांग लागली होती. चार वर्षांनी त्याच कॉलेजची, त्याच प्राध्यापकांची, तोच अभ्यासक्रम शिकलेली मुलं ऑफरची वाट बघत बसली. त्यांची अक्कल चार वर्षांत कमी झाली नव्हती. बाजार बदलला होता. मी वेळेवर जन्मलो, एवढंच.

कंपन्यांवर नोकरी देण्याची सक्ती केली तर त्या शिकाऊ मुलं घेणारच नाहीत, हा आक्षेप मला पटतो. पण वाटा उचलायला लावण्याचे इतर मार्ग आहेत. जर्मनीतल्या व्यावसायिक शिक्षणात शिकाऊ मुलाचं विद्यावेतन कंपनी स्वतःच्या खिशातून देते, म्हणून त्याला फायलींची नावं बदलायला बसवणं तिला परवडत नाही. आणि शेवटची परीक्षा व्यापारी-औद्योगिक चेंबर किंवा कारागिरांच्या चेंबरचे परीक्षक घेतात. शिकवणारा स्वतःच टिक करून मोकळा होत नाही. आपल्याकडे मी मोकळा झालो.

मागच्या महिन्यात त्या मुलाचा फोन आला. "दादा, ती योजना परत करता येती का?" एकदाच करता येते, मी सांगितलं. मग म्हणालो की तुला डेटाबेस येत नाही, मी खोटी टिक केली होती. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला माहितीये दादा. इंटरव्ह्यूत विचारलं होतं."

आता दर रविवारी रात्री नऊ वाजता आम्ही व्हिडिओ कॉलवर एसक्यूएल करतो. चार रविवार झाले, जॉइनपर्यंत आलोय. यानं बेकारी हटणार नाही, हे मला कळतं. पुढच्या बॅचसाठी एचआरला मी मेल टाकला आहे: काय शिकवणार ते आधी लिहून द्या, परीक्षा बाहेरच्या माणसाला घेऊ द्या, आणि विद्यावेतनात कंपनीनंही भर घालावी.

उत्तर अजून आलेलं नाही.