सातजणी आणि आठवी

माझ्या लेकीच्या शाळेत कबड्डीचा सराव सुरू झाला की सर दर शनिवारी व्हरांड्यातल्या फळ्यावर नावं लिहितात. एकूण बारा नावं. मैदानात उतरणार सातजणी, बाकी पाच राखीव. राइट कॉर्नर, लेफ्ट कॉर्नर, इन, कव्हर अशा जागा एका खाली एक, जागेपुढे खेळणारीचं नाव, आणि जिच्या मागे कुणी उभी असेल तिचं नाव त्यापुढे बारीक अक्षरात. सोमवारपासून सराव, शनिवारी नवी यादी. आठवड्यात कुणाची पकड पक्की झाली, कुणाचा दम वाढला, कोण कंटाळलं, सगळं त्या फळ्यावर दिसतं.

2025 च्या पावसाळ्यात माझी लेक आठवीत होती. पहिल्या शनिवारी तिचं नाव बाराजणींत अगदी शेवटी होतं. तिसऱ्या शनिवारी ती राइट कॉर्नरच्या जागेपुढे बारीक अक्षरात आली, म्हणजे आठवी. तिच्यापुढे मोठ्या अक्षरात होती ती गुड्यावरून येऊन वसतिगृहात राहणारी एक गोंड मुलगी. तिचं नाव मी लिहीत नाही. मी तिचं देणं लागते, आणि ते कसं, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

नार्नूर म्हणजे तेलंगणातलं मंडलाचं गाव, पण महाराष्ट्राची शीव इथून फार लांब नाही. बाजाराच्या दिवशी आमच्या किराणा दुकानाच्या पायरीवर गोंडी, बंजारा, तेलुगू, मराठी सगळं कानावर पडतं. याच खेळाला तिकडे हुतूतू म्हणायचे, इकडची म्हातारी तेलुगू माणसं चेडुगुडु म्हणतात, आणि पोरी मैदानात 'रेड' आणि 'आऊट' म्हणतात. काळी जमीन, पावसात पाय रुतायचा. म्हणून सरांनी ट्रॅक्टरभर मुरूम टाकून घेतला होता आणि चुन्याच्या रेघा रोज नव्याने ओढाव्या लागायच्या. पहाटे सहाला मी लेकीला सोडायला जायची आणि दुकान उघडायची वेळ होईपर्यंत तिथेच थांबायची. त्यामुळे खेळातलं मला थोडंफार कळायला लागलं.

कॉर्नरचं काम घोटा पकडायचं. समोरची चढाई करत आत येते, बोनस रेषेवर पाय टाकायला बघते. तिचा एक पाय पुढे आणि सगळा भार मागच्या पायावर असतो, त्या एका क्षणी कॉर्नरने खाली झुकून घोटा धरायचा. आधी झुकली तर ती शिवून पळून जाते, गुण त्यांना. उशीर झाला तर बोनस गेलाच. माझ्या लेकीचं दुखणं हे, की ती थांबायची नाही. स्वभावच तसा, दूध उतू जायच्या आधीच पातेलं उतरवणारी. आणि ती दुसरी पोरगी? ती पिकावर राखणीला बसल्यासारखी शांत असायची. पकडायची तेव्हा आवाजसुद्धा व्हायचा नाही.

मला हे दिसत होतं. तरी एका गुरुवारी सर दुकानात आले, गूळ आणि तेल घेतलं, नेहमीप्रमाणे वहीत मांडायला सांगितलं, आणि मी वहीत लिहिता लिहिता बोलून गेले, "सर, आमच्या पोरीचंही बघा जरा. पहाटे उठते हो ती."

"बघतो ना भाभी," सर म्हणाले.

बस, एवढंच. लाच नाही, धमकी नाही. पण हातात उधारीची वही होती आणि ती उघडी होती. वसतिगृहातल्या पोरीच्या आईकडे अशी वही नव्हती.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ओल्या मुरमावर ती पोरगी घसरली आणि गुडघा सुजला. लेकीने घरी येऊन सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. तोंडातून निघून गेलं, "बरं झालं."

लेक थांबली. "काय बरं झालं, आई?"

मी म्हटलं, "काही नाही, फार लागलं नाही ते बरं झालं." हे खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे तिला कळलं, हे मलाही कळलं. शनिवारी फळ्यावर राइट कॉर्नरपुढे मोठ्या अक्षरात माझ्या लेकीचं नाव होतं. तिथवर ती माझ्या बोलण्याने पोचली, की गुडघ्याने, की स्वतःच्या तीन आठवड्यांच्या घामाने, हे मला आजही माहीत नाही. सगळ्यात वाईट हे झालं, की तिच्या घामावर मीच संशयाचा डाग पाडून ठेवला.

आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात, की हिंसा तीन वाटांनी होते. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, आणि दुसऱ्याने केलेली पाहून मनात मान हलवलेली. मुंगी पायाखाली आली तर मी दचकते. पाणी गाळल्याशिवाय पीत नाही. आणि एका पोरीचा गुडघा सुजला, तर माझ्या मनाने मान हलवली. माझ्या सासूबाई म्हणायच्या, हातांची पापं धुता येतात, ती दिसतात तरी. मनातली पापं कुठे ठेवलीत हेच सापडत नाही.

जाऊबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणूनच मी म्हणते, पोरींना या भानगडीत घालू नये. एक जागा आणि दोघी जणी, म्हणजे कुणाचं तरी वाईट चिंतणं आलंच." त्यांचं बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. जागा खरंच एकच असते. माझ्या लेकीचं चांगलं व्हावं असं मी म्हणते तेव्हा, उच्चार न करता, कुणीतरी खाली यावं असंही म्हणतेच ना? मग आईचा साधा आशीर्वादसुद्धा अर्धा शापच झाला की.

पण मला ते पटत नाही. एक तर, जागा एक आणि माणसं दोन हे मैदानातच असतं असं नाही. पहिल्या कलशाच्या बोलीला आपल्या मंदिरात काय होतं ते तुम्हीही पाहिलं आहे. रक्कम वाढत जाते तसे शेजारी बसलेल्या बायकांचे चेहरे कसे होतात, तेही. (मी एकदा नवऱ्याला कोपराने ढोसलं होतं, आणखी बोला म्हणून. भगवंताच्या अभिषेकासाठी!) दोन सुनांच्या घरात पुरणपोळीचा मान कुणाचा, यावर वर्षंच्या वर्षं अबोला राहतो. मैदानात निदान यादी फळ्यावर असते, सगळ्यांना वाचता येते, आणि शनिवारी पुसली जाते. घरातल्या याद्या कुणी पुसत नाही.

दुसरं कारण मला सराव बघताना सापडलं. कबड्डी एकटीने शिकता येत नाही. सातजणींना पकड शिकायची तर समोरून कुणीतरी चढाई करत यायला हवं, पुन्हा पुन्हा, पन्नास वेळा. ते काम कोण करतं? राखीव पाचजणी. त्या लहान मुलींना सोबत घेऊन समोरचा संघ बनतात. शिवून घेतात, पकडून घेतात, गुडघे फोडून घेतात. सामन्याच्या दिवशी टाळ्या सातजणींना, पण त्या सातजणी तयार झाल्या या पाचजणींवर घासून. माझी लेक आठवी होती त्या दिवसांत ती रोज त्या पोरीवर चढाई करायची आणि रोज तिच्या हातात घोटा द्यायची. ती जेवढी शिकली ते त्या पोरीच्या हातांनी शिकली. तिच्या वाईटावर माझ्या लेकीचं भलं उभं आहे असं मी समजत होते. उलटं होतं. ती चांगली होती म्हणून माझी लेक चांगली झाली.

आणि गुडघा बांधून ती पोरगी रोज सरावाला येत राहिली. खेळता येईना, तर व्हरांड्याच्या पायरीवर बसून माझ्या लेकीला ओरडून सांगायची, "थांब! टाकू दे तिला पाय. आता!" जागा जिची गेली, तीच जागा घेणारीला शिकवत होती. मी लांब उभी राहून ऐकत होते आणि माझ्याच्याने तिच्याकडे बघवत नव्हतं.

मंडलाच्या सामन्यांपर्यंत तिचा गुडघा पुष्कळ बरा झाला. पहिला सामना आमच्या पोरी जिंकल्या. दुसऱ्यात मागे पडल्या, तेव्हा उत्तरार्धात सरांनी माझ्या लेकीला बाहेर बोलावलं आणि तिला आत पाठवलं. आल्या आल्या तिने एक घोटा असा धरला, की समोरची जागेवर बसली. सामना तरी हरलोच. पण मी बघत होते लेकीचा चेहरा. आईला वाईट सवय असते, पोरीच्या चेहऱ्यावर आपलं दुःख शोधायची.

रात्री विचारलं, बाहेर काढलं तेव्हा कसं वाटलं. म्हणाली, "रडू आलं. मग तिने पकडलं तेव्हा मी उभी राहून ओरडले. दोन्ही खरं होतं."

तेरा वर्षांची पोर. मी चार ग्रंथ वाचून जे धड मांडू शकत नाही, ते तिने अंथरूण घालता घालता सांगितलं आणि झोपली.

नोव्हेंबरची 2 तारीख तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. आम्ही घरी सगळे टीव्हीसमोर होतो. सलामीला येऊन 87 धावा केल्या आणि वर दोन बळी घेतले ते शेफाली वर्माने. ही शेफाली आठवडाभर आधी संघात नव्हती. राखीवातही नव्हती. वर्षभर तिला एकदिवसीय संघाबाहेर ठेवलेलं होतं. 26 ऑक्टोबरला बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना प्रतिका रावलचा पाय मुरगळला, म्हणून तिला बोलावणं आलं. प्रतिकाने त्याच स्पर्धेत 308 धावा केल्या होत्या, न्यूझीलंडविरुद्ध शतक ठोकलं होतं. अंतिम सामन्याच्या रात्री ती चाकाच्या खुर्चीत बसून मैदानात आली, अंगाभोवती तिरंगा. पदकं नियमाप्रमाणे संघातल्या पंधराजणींनाच, आणि तिची जागा शेफालीला दिलेली, म्हणून त्या रात्री तिच्या वाटचं पदक नव्हतं. पुढे तिला ते मिळालं.

माझी लेक शेफालीसाठी नाचत होती. मी त्या खुर्चीकडे बघत होते. शेफालीच्या मनात काय होतं ते तिचं तिला माहीत. पण तिने प्रतिकाचा पाय मुरगळला नव्हता, आणि फोन आला तेव्हा तिची बॅट तयार होती. दुसऱ्याच्या दुखण्यातून आलेली संधी घेणं वेगळं आणि त्या दुखण्याला 'बरं झालं' म्हणणं वेगळं. मधली रेघ बारीक आहे, चुन्याची आहे, पावसात पुसते. पण ती आहे.

त्या संघाचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार. 1988 मध्ये सचिन आणि विनोद कांबळी शाळेच्या सामन्यात 664 धावांची भागीदारी करत होते, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून हे पॅड बांधून बसून राहिले, त्यांची पाळी आलीच नाही. मोठेपणी प्रथम श्रेणीत 11 हजारांवर धावा केल्या, पण भारताच्या संघात एकदाही नाव लागलं नाही. तसेच आपले पद्माकर शिवलकर. 589 बळी घेतले, पण समोर बिशनसिंग बेदी होते, कसोटीची टोपी मिळाली नाही. 2025 च्या मार्चमध्ये ते गेले. यांची प्रगती कुठल्या फळ्यावर लिहायची? फळ्यावर जागा लिहिता येते. माणूस कुठून कुठे आला ते तिथे मावत नाही. माझी लेक शेवटून आठवीवर आली तेव्हा मला ती 'अजून आठवीच' दिसत होती, म्हणूनच तर माझी जीभ घसरली.

क्षमावाणीच्या दिवशी मी गावभर हात जोडले. ज्यांचं मी काही बिघडवलं नव्हतं अशांनाही. त्या पोरीकडे गेले नाही. सरांना मात्र नंतर एकदा म्हटलं, "त्या गुरुवारी मी बोलायला नको होतं." सर हसले, "काय बोलला होतात भाभी? मला तर आठवत नाही." खरंच विसरले असतील, किंवा मला सोडवत असतील. त्या पोरीची आई एकदा बाजाराला आली होती. मिठाचा पुडा घेतला आणि म्हणाली, "भाभी, तुमची पोरगी माह्या पोरीची लय सोबत करते." मी मिठाचे पैसे घेऊ नयेत असं मनात आलं. मग वाटलं, हेही सोंगच. घेतले.

यंदा पुन्हा पाऊस पडला, पुन्हा मुरूम पडला. लेक आता नववीत. परवाच्या शनिवारी फळ्यावर राइट कॉर्नरपुढे मोठ्या अक्षरात तीच पोरगी आहे आणि बारीक अक्षरात माझी लेक. काल सर दुकानात आले होते. त्यांनी गूळ मागितला. मी तोलला, पुडी बांधली, वहीत लिहिला, वही मिटली, आणि पुढच्या गिऱ्हाईकाला विचारलं, "तुम्हाला काय देऊ?"