येणे बाकी

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आमच्याकडून हिशेबाचं एक सूत्र घोकून घेतलं होतं. संभाव्य तोट्याची तरतूद आधी करून ठेवावी. संभाव्य नफा मात्र हातात पडेपर्यंत पुस्तकात धरू नये. इतकी आटोपशीर गीता दुसरी नाही. जगातले सगळे शहाणे लोक ती पाळतात. न पाळणारे दोनच वर्ग मला ठाऊक आहेत : लॉटरीचं तिकीट खिशात घालून फ्लॅट बघायला जाणारे, आणि जुन्या रॉक बँडचे चाहते.

आमच्या शाखेचे हेडकॅशियर ह्या दुसऱ्या वर्गात मोडतात. एरवी माणूस चोख. पाचशेच्या बंडलात एक नोट कमी असली तर ती आधी त्यांच्या अंगठ्याला कळते, डोळ्यांना नंतर. पण रोलिंग स्टोन्सचा विषय निघाला की हेच गृहस्थ येणे रक्कम खुशाल जमा धरतात. ‘पुढची रेकॉर्ड’ हे शब्द ते अशा थाटात उच्चारतात, की जणू ती टपालात पडलेली आहे आणि पोस्टमन कोपऱ्यावर सायकल लावतो आहे.

ज्यांची ह्या मंडळींशी ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो. लंडनची ही टोळी १९६२ पासून वाजवते आहे. गायक मिक जॅगर हा मूळचा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा विद्यार्थी. त्यानं शिक्षण अर्धवट सोडलं. मी बी.कॉम. पूर्ण केलं. दोघांचं पुढे काय झालं ते आपण पाहतोच आहोत.

तर २००५ साली त्यांचा ‘अ बिगर बँग’ हा अल्बम आला आणि मग अठरा वर्षं नव्या गाण्यांचा अल्बम नाही. मधे काही सुटी गाणी आली. २०१६ मध्ये एक अल्बमही आला, पण तो दुसऱ्यांच्या जुन्या ब्लूज गाण्यांचा. “हे व्याज झालं,” हेडकॅशियर म्हणाले, “मुद्दल कुठाय?”

आमच्याकडे दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय ठरतं, आणि दहा वर्षं कुणी फिरकलंच नाही तर ती ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. चाहत्यांच्या बँकेत असला नियम नाही. तिथे खातं जितकं थंड, तितकी खातेदाराची आशा गरम. गिटारवाला हसताना दिसला, गायकानं केस कापले, कुणी कुणाबरोबर जेवायला गेला, अर्थ एकच. माझ्या ऐकण्यातच तो अल्बम सहासात वेळा ‘पुढच्या दिवाळीपर्यंत’ आला.

मग ऑगस्ट २०२३ मध्ये लंडनच्या हॅक्नी भागातल्या स्थानिक वर्तमानपत्रात काचा दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाची जाहिरात झळकली. दुकानाचं नाव ‘हॅक्नी डायमंड्स’, स्थापना १९६२. मजकुरात ह्यांच्या जुन्या गाण्यांची नावं बेमालूम पेरलेली. ज्याला खरोखरच काच बसवायची होती त्या बिचाऱ्याला काही उमगलं नसेल. चाहत्यांना सगळं उमगलं. आपल्याकडे पंचांगात पाऊस शोधतात, तसे हे लोक काचवाल्याच्या जाहिरातीत गाणी शोधत बसले आणि कमाल म्हणजे त्यांचा पाऊस पडला! २० ऑक्टोबर २०२३ ला त्याच नावाचा अल्बम आला. फोडलेल्या गाडीच्या काचेचा रस्त्यावर सांडलेला चुरा, त्याला तिकडच्या बोलीत ‘हॅक्नी डायमंड्स’ म्हणतात. जॅगर तेव्हा ऐंशी वर्षांचा होता.

अठरा वर्षांची येणे बाकी वसूल झाली. हेडकॅशियरांनी शाखेत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता म्हणाले, “आता पुढची कधी काढतील?”

“काढायला कशाला हवी?” मी विचारलं.

“कशाला म्हणजे? अरे, मी चाळीस वर्षं ऐकतोय!”

हे वाक्य मला आठवडाभर पुरलं. ऐकणं ही जणू नोकरी आणि पुढची रेकॉर्ड ही तिची ग्रॅच्युइटी. वास्तविक काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये (ते दुकानही २०१६ साली मिटलं) त्यांनी पैसे मोजले, कॅसेट घेतली, व्यवहार तिथंच संपला. उलट नीट खतावणी केली तर देणं निघतं ते हेडकॅशियरांच्या नावावर. नव्वदच्या सुमारास त्यांची गडचिरोलीकडे बदली झाली होती. बायकामुलं मुंबईत, खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि एक टेपरेकॉर्डर. “दोन वर्षं मी चार कॅसेटींवर काढली,” असं ते स्वतःच सांगतात. त्या दोन वर्षांची किंमत काय धरायची? कॅसेटच्या वेष्टनावर छापलेल्या आकड्यात ती नक्कीच बसत नव्हती. म्हणजे मुळात जो कर्जदार, तोच ठेवीदारांच्या रांगेत उभा राहून काउंटरवर हात आपटतो आहे. असे लोक मला रोजच भेटतात, म्हणून राग आला नाही एवढंच.

अमेरिकेत तर ह्या मागणीवर चक्क पैज लागली. गन्स अँड रोझेसचा ‘चायनीज डेमोक्रसी’ हा अल्बम वर्षानुवर्षं रखडला होता. २००८ साली एका शीतपेय कंपनीनं जाहीर केलं, की तो ह्या वर्षात आला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला पेयाचा एक डबा फुकट. बँड सोडून गेलेले दोन गिटारवादक तेवढे वगळून! नोव्हेंबरात अल्बम आला. कूपनांसाठी अशी झुंबड उडाली की कंपनीची यंत्रणाच कोलमडली. कलावंताच्या उशिराची थट्टा करणं सोपं असतं, डबा वेळेवर पोचवणं कठीण.

पण मला खरं टोचलं ते निराळंच. ऑगस्ट २०२१ मध्ये स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स गेला. १९६३ पासून तो ह्यांच्यात होता. बातमी कळली त्या दिवशी हेडकॅशियर जेवले नाहीत. संध्याकाळी तिजोरीला किल्ली लावता लावता मात्र हळूच म्हणाले, “त्यानं काही वाजवून ठेवलं असेल ना रे?” माणूस जाऊन दिवस उलटला नाही आणि हे शिल्लक विचारतात! (पुढे कळलं, ठेवलं होतं. ‘हॅक्नी डायमंड्स’मधल्या दोन गाण्यांत चार्लीच आहे.)

ह्याला हाव म्हणायचं की माया? उत्तर देण्याआधी आमच्या घरी दर दिवाळीला काय चालतं ते सांगतो.

आईनं पंचाहत्तरी ओलांडली आहे. दसरा झाला की बहिणीचा ठाण्याहून फोन येतो. आईला नाही, मला. “काही चिन्हं?” मी आवाज खाली करून बातम्या देतो. भाजणीचं सामान आणलंय. माळ्यावरचा सोऱ्या खाली आलाय. पण गुडघा दुखतोय म्हणते. “सोऱ्या आलाय ना? मग करणार चकल्या,” बहीण निकाल देते. गुडघा आईचा, अंदाज आमचे. मागल्या दिवाळीला बहिणीनं समजूतदारपणे सुचवलं, “आई, आता पुरे. यंदा विकतच्या आणू.” आई दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मी काय मेले आहे का?” आणि नेहमीपेक्षा एक किलो भाजणी जास्त दळून आणली.

म्हणजे मागितलं तर जाच आणि न मागितलं तर जिवंतपणी श्राद्ध. ह्या दोहोंच्या मधून म्हाताऱ्या माणसाकडे काही मागायचं कसं, हे आम्हांला कॉमर्सला नव्हतं. आर्ट्सवाल्यांना असेल असंही वाटत नाही. जॅगरला पैशाची ददात नव्हती. तरी ऐंशीच्या घरात माणूस स्टुडिओत जातो, तो लोकांच्या अंदाजांना कंटाळून जातो, की लोक अजून अंदाज करताहेत म्हणून जातो? माझं मत दुसऱ्या बाजूला. सगळी गोम क्रियापदाच्या आधीच्या शब्दात असावी. “करणार का?” म्हणणाऱ्याला आई बसवून चहा देते. “कधी करणार?” म्हणणाऱ्याला नुसतीच पाठ दिसते.

हेडकॅशियर ७ एप्रिल २००३ ला ब्रेबॉर्न स्टेडियमवर हजर होते. स्टोन्स मुंबईत वाजवायला आले होते. जॅगर तेव्हा एकोणसाठचा. “ह्या वयात असा नाचतो, शरम वाटली मला माझ्या पोटाची,” असं ते अजून सांगतात. आज ते स्वतः एकोणसाठचे आहेत. येत्या वर्षात सेवानिवृत्ती. परवा मॅनेजरनं विचारलं, “मग, पुढे काय करणार?” तर म्हणाले, “बघू.” तेवढंच. मी पुढच्या रेकॉर्डबद्दल विचारलं तेव्हा मात्र अर्धा तास तपशीलवार उत्तर मिळालं.

‘हॅक्नी डायमंड्स’मध्ये शेवटचं गाणं मडी वॉटर्सचं आहे, ज्यावरून ह्यांनी १९६२ साली आपलं नाव घेतलं तेच. मी म्हटलं, “साहेब, नावाशी परत आले. ही भैरवी.” हेडकॅशियरांनी दह्याची वाटी पुसून घेतली. “भैरवीनंतर वन्स मोअर नसतो होय?” जॅगरनं अल्बम येण्याआधीच सांगून टाकलं होतं, की पुढच्याचंही बरंच काम झालं आहे. ते कात्रण त्यांच्या ड्रॉवरमध्ये, शिक्क्यांच्या शेजारी, आहे.

घरी त्यांनी रेकॉर्डींसाठी सुतारकाम करून घेतलं आहे. वर्षाच्या क्रमानं सगळं लावलेलं. २०२३ च्या पुढे चार बोटं जागा मोकळी. वहिनींनी एकदा तिथं उदबत्तीचं पुडकं ठेवलं, तर ते उचलून त्यांनी निमूटपणे देवघरात नेऊन ठेवलं.