मठाकाशातला आवाज

घरातल्या खोलीत ध्वनिमुद्रण करताना माइक टिपतो तो आवाज गाणाऱ्याचा की खोलीचा, हा प्रश्न दर्शनशास्त्राला जुनाच आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण. वीचीतरंगन्यायाने, म्हणजे पाण्यावरच्या लाटांप्रमाणे, एक शब्द दुसऱ्याला जन्म देतो आणि त्या मालिकेतला शेवटचा कानाशी पोचतो. मीमांसकांना शब्द नित्य वाटतो; ध्वनी त्याला फक्त प्रकट करतो. वेदान्ताचा दृष्टान्त घटाकाश-मठाकाशाचा: आकाश एकच, घडा आणि खोली या त्याच्या उपाधी, म्हणजे त्याला मर्यादित भासवणारी आवरणे.

भौतिकशास्त्राने आकाशाच्या जागी हवा ठेवली, पण उपाधीचा प्रश्न सुटला नाही. भिंती समोरासमोर तीन मीटरवर असल्या, तर सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावणारा आवाज त्यांच्यावर सेकंदात शंभराहून अधिक वेळा आदळतो. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की ती झणझणत राहते, ती यामुळेच. याच भिंतींमध्ये ५७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर अनुनादाने फुगतो. तो भिंतीपाशी दणदणतो आणि खोलीच्या मधोमध जवळपास नाहीसा होतो. एकाच क्षणी एकच स्वर एका जागी आहे आणि दुसऱ्या जागी नाही.

यावरचे उपाय दोन प्रकारचे असून त्यांची गल्लत नेहमी होते. बाहेरचा आवाज अडवायला वजनदार भिंत आणि बुजवलेल्या फटी लागतात. आतला घुमारा शोषायला सच्छिद्र पदार्थ लागतो. रॉकवूल या खनिज लोकरीच्या तंतूंत हवेच्या हालचालीची घर्षणाने उष्णता होते. इंचभर जाडीचा फोम फक्त वरचे स्वर खातो. खालचे तसेच राहतात आणि मुद्रण गढूळ होते. खोल स्वरांचा दाब कोपऱ्यांत साचतो, म्हणून ते स्वर शोषणारे जाड थर, म्हणजे बेस ट्रॅप, तिथे बसवतात.

या शास्त्राचा पाया हार्वर्ड विद्यापीठात घातला गेला. घुमणाऱ्या एका व्याख्यानगृहावर वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून काम केले. आसनांच्या गाद्या आणून मांडत त्यांनी दाखवले की निनाद, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो आणि शोषणाने घटतो. हार्वर्डच्याच प्रतिध्वनिरहित कक्षात संगीतकार जॉन केज १९५१च्या सुमारास गेले. त्यांना नि:शब्दता भेटली नाही. एक उंच आणि एक खोल असे दोन आवाज ऐकू आले, दोन्ही त्यांच्याच शरीरातले. भिंती गप्प झाल्यावर देह ही उपाधी उरली.

म्हणून खोली पूर्ण मुकी करणे हे ध्येय ठरत नाही. तशा खोलीत गाणाऱ्याला आपलाच गळा परका वाटतो आणि तो उगाच जोर लावतो. छोट्या खोलीत निनाद साधारण ०.३ सेकंदांवर आणला की शब्द स्पष्ट राहतो आणि सूर कोरडा पडत नाही. शुद्ध, निरुपाधिक आवाज कोणत्याही माइकने आजवर टिपलेला नाही. खोलीने किती बोलावे, एवढेच ठरवणे माणसाच्या हाती असते.